आतल्या पत्र्याला प्रायमर: हौशी विमानबांधणीतला जुना वाद

पंखाच्या आतल्या रिब (आकार देणाऱ्या फासळ्या) आणि स्पार (मुख्य तुळई) यांना गंज रोखणारा प्रायमर मारावा की पत्रा कोराच ठेवावा, यावर घरी विमान बांधणाऱ्यांचे अजून एकमत नाही. बाहेरच्या रंगाबद्दल एवढी भांडणे होत नाहीत.

कापडी विमानांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. रंग म्हणजे डोप, आणि त्याचे मुख्य काम कापड ताणून घट्ट करणे. आधीचा नायट्रेट डोप भडकन पेटे, म्हणून पुढे ब्युटिरेट आला. दमट हवेत दोन्ही पांढरे पडत, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतले बाष्प त्यावर बसते. गॅरेजमधला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग याच नायट्रेट कुळातला. नाशिकच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना आषाढात तो का छळतो, याचे उत्तर इथेच आहे.

खरी गुंतागुंत धातूबरोबर आली. अॅल्युमिनियमला बळकटी यावी म्हणून त्यात तांबे घातले आणि त्याच तांब्यामुळे पत्रा गंजू लागला. त्यावर १९२०च्या दशकाच्या अखेरीस अल्क्लॅड निघाला: मिश्रधातूच्या दोन्ही अंगांना शुद्ध अॅल्युमिनियमचा थर. ०.८ मिमी पत्र्यावर हा थर दर बाजूला सुमारे ५ टक्के, म्हणजे ४० मायक्रॉन असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या आत दिसणारा पिवळट हिरवा झिंक क्रोमेट प्रायमर त्याच्याही वर मारलेला असे, पण ८-१० मायक्रॉनच. खालचा धातू झळकत राही. युद्धानंतर कारखान्यांनी कित्येक हलकी विमाने आतून कोरीच सोडली. समुद्रापासून दूर राहिलेली त्यातली बरीच आजही उडतात, आणि 'प्रायमर नको' म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम पुरावा हाच.

वजनाचा मुद्दाही पोकळ नाही. २५ मायक्रॉनचा एपॉक्सी प्रायमर वाळल्यावर चौरस मीटरला ३५ ते ४० ग्रॅम भरतो. दोन्ही बाजू धरून १०० चौरस मीटर पत्रा असेल, तर साडेतीन-चार किलो नुसता प्रायमर. शिवाय पकड यावी म्हणून तांबडा स्कॉचब्राइट (खरखरीत घासणी) जोर लावून घासला, तर अल्क्लॅडचा थरच खरवडला जातो. असा पत्रा कोऱ्यापेक्षा वाईट.

त्यातून दुकानात नुसते 'प्रायमर द्या' म्हटले की काय हाती येईल, सांगता येत नाही. वॉश प्रायमरमध्ये फॉस्फोरिक आम्ल असते. त्याने पकड चांगली येते, पण थर सच्छिद्र राहतो. वर दुसरा कोट न देता सोडला तर ओल धरून ठेवतो. आणि वर घाईने एपॉक्सी मारला, तर उरलेले आम्ल एपॉक्सीच्या अमाइन हार्डनरला खाते. थर वरून वाळल्यासारखा दिसतो, पण मास्किंग टेपबरोबर सोलून येतो. दोन्हीतला एकच निवडावा.

नाशिकची हवा कोरडी, समुद्र लांब, मग प्रायमर कशाला, हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण निफाड-दिंडोरीकडे शेड बहुधा द्राक्षबागेला लागून, आणि बागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी. त्यातले मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. त्याचा तुषार ओल्या अॅल्युमिनियमवर बसला की तांब्याचे कण धातूवर चढतात आणि तिथून बारीक खड्डे पडू लागतात. कापलेल्या कडा आणि भोकांच्या आत तर अल्क्लॅड नसतोच. म्हणून सरसकट सगळा पत्रा रंगवण्यापेक्षा एकमेकांवर बसणारे पृष्ठभाग, कडा, पोलादाला टेकणाऱ्या जागा आणि ६०६१ या मिश्रधातूचे बिनअल्क्लॅड भाग पातळ एपॉक्सीने झाकावेत. बाकीचा पत्रा कोरा चालतो. कोट देण्याआधी पत्र्यावर पाणी ओतावे. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट अखंड राहिला तर पत्रा स्वच्छ. मणी झाले तर तेलकटपणा उरला आहे.

अलीकडे वादाची दिशा बदलली ती आरोग्यामुळे. क्रोमेटमधले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक ठरले आणि युरोपात प्रायमरमधला स्ट्रॉन्शियम क्रोमेट २०१९पासून परवान्याशिवाय वापरता येत नाही. बाहेरच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगातल्या आयसोसायनेटला धोक्याची सूचना देईल असा वास नाही, त्यामुळे मास्कचे गाळणी-काडतूस कधी संपले ते कळत नाही. बाहेरून शुद्ध हवा देणारा मास्कच हवा. मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची २०१७मध्ये नोंदणी झाल्यापासून आपल्याकडेही चौकशा वाढल्या आहेत. त्या करणाऱ्यांनी आधी या मास्कची किंमत विचारावी.

वेळेचे म्हणाल तर डिसेंबर-जानेवारी नाशिकला फसवा. दुपारी २८ अंश, म्हणून कोट दिला जातो. रात्री पारा १०च्या खाली उतरतो आणि १५ अंशांखाली बहुतेक एपॉक्सीची घट्ट होण्याची क्रिया रेंगाळते. सकाळी वर चिकट साय. ऑक्टोबर अखेर किंवा फेब्रुवारी-मार्च बरा.

एलरॉन आणि एलिव्हेटर (पंखाच्या व शेपटीच्या मागच्या कडेचे हलते पृष्ठभाग) मात्र रंगवून झाल्यावर पुन्हा तोलावेच लागतात. बिजागरीच्या मागे चढलेला थोडासा रंगही तोल मागे नेतो, आणि वेगात फ्लटर (पृष्ठभागाची वाढत जाणारी थरथर) सुरू होण्याचे ते एक कारण असते. नंतरचा टचअपही यातून सुटत नाही.