अठ्ठेचाळीस अक्षरांत फुटलेली फायरवॉल

"आमच्याकडे फायरवॉल आहे, आम्हाला काय होणार" हे वाक्य छोट्या कंपन्यांत, पतपेढ्यांत, कॉलेजांच्या आयटी विभागात इतक्या ठामपणे ऐकायला मिळतं की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं. फायरवॉल, म्हणजे ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्या मधे बसून येणारं-जाणारं तपासणारं खोकं, हा पण शेवटी एक कॉम्प्युटरच असतो. आत प्रोसेसर, मेमरी, बहुतेक वेळा लिनक्सचंच कुठलंतरी रूप, एक छोटा वेब सर्व्हर आणि सी भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम. ऑफिसातले बाकीचे कॉम्प्युटर आत लपलेले असतात आणि हा एकटा चोवीस तास इंटरनेटकडे तोंड करून उभा असतो, वर त्यालाच सगळ्यांचे लॉगिन तपासायचे असतात. म्हणजे त्यात चूक निघाली तर ती सगळ्यात वाईट जागी निघते.

अशी एक चूक मला कायम पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. अशा चुकांच्या जगभरच्या नोंदयादीत, म्हणजे सीव्हीईमध्ये, तिचा नंबर सीव्हीई-२०१८-१३३७९. फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टिगेट नावाच्या फायरवॉल जगभर वापरतात, त्यात एसएसएल व्हीपीएन ही सोय असते, म्हणजे कर्मचाऱ्याने घरून ब्राउझर उघडायचा, युजरनेम-पासवर्ड टाकायचा आणि ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचं. तैवानच्या डेव्हकोर या कंपनीतल्या ऑरेंज त्साई आणि मेह चँग या दोघांनी त्या लॉगिन पानाच्या मागचा प्रोग्रॅम उलगडून वाचला आणि त्यात भोक सापडलं. फोर्टिनेटने मे २०१९ मध्ये जाहीर सूचना काढली, ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत या दोघांनी सगळं समजावून सांगितलं.

आता गंमत बघा. लॉगिनचं पान इंग्रजीत दाखवायचं की फ्रेंचमध्ये की जपानीमध्ये हे पासवर्ड टाकायच्या आधीच ठरायला लागतं, नाहीतर माणसाला पानच वाचता येणार नाही. त्यामुळे भाषेची फाईल आणून देणारा जो कोड होता तो कोणीही, लॉगिन न करता, चालवू शकत होता. इथपर्यंत ठीक आहे, भाषेची फाईल काही गुपित नाही. कोड काय करायचा, तर ब्राउझरने पाठवलेलं भाषेचं नाव घ्यायचा, त्याच्या आधी "/मिगअॅडमिन/लँग/" हा फोल्डरचा पत्ता लावायचा, शेवटी ".जेसन" हे फाईलचा प्रकार सांगणारं शेपूट लावायचा, आणि जो पत्ता तयार होईल ती फाईल वाचून परत पाठवायचा. भाषेच्या नावात खरंच भाषेचंच नाव आहे का हे मात्र कोणी तपासत नव्हतं. लिनक्समध्ये दोन टिंबं म्हणजे "एक फोल्डर वर जा". भाषेच्या जागी दोन टिंबं, तिरकी रेघ, परत दोन टिंबं असं पाठवलं की तुम्ही भाषेच्या फोल्डरमधून बाहेर पडून थेट मुळाशी पोचता. मुळाच्या वर काहीच नसतं म्हणून गरजेपेक्षा जास्त वेळा वर जा म्हटलं तरी काही बिघडत नाही, आणि तिथून खाली दुसऱ्या कुठल्याही फोल्डरमध्ये उतरता येतं. या युक्तीला पाथ ट्रॅव्हर्सल म्हणतात आणि ती जुनी आहे, कॉलेजच्या मुलांनाही माहीत असते.

पण शेपूट राहिलंच ना! काहीही केलं तरी शेवटी ".जेसन" लागणार, म्हणजे फक्त जेसन फाईलीच वाचता येणार, आणि पासवर्ड काही जेसन फाईलीत नव्हते. हे शेपूट कसं कापलं गेलं तो भाग मला सगळ्यात आवडतो.

पत्ता तयार करायला प्रोग्रॅमरने सी भाषेतलं एसएनप्रिंटएफ नावाचं फंक्शन वापरलं होतं. त्याचा जुना भाऊ एसप्रिंटएफ, त्याला किती जागा आहे हे कळतच नाही, मजकूर मोठा असला तर शेजारच्या मेमरीवर लिहीत सुटतो, आणि त्यातून वर्षानुवर्षं हल्ले झालेत. म्हणून सगळे शिकवतात की एसएनप्रिंटएफ वापरा, त्याला जागेची मर्यादा सांगता येते. इथे मर्यादा होती ६४ बाइटची, एका इंग्रजी अक्षराला एक बाइट. मर्यादा संपली की ते फंक्शन थांबतं, उरलेला मजकूर टाकून देतं. रेल्वेच्या रिझर्व्हेशन फॉर्मवर नावासाठी मोजके चौकोन असतात आणि आपलं नाव-वडिलांचं नाव-आडनाव लिहिता लिहिता आडनाव अर्धवट राहतं, तसंच. म्हणजे जेसन हे शेपूट चौकोनांच्या बाहेर ढकललं की झालं!

कागदावर मांडून बघा. ६४ पैकी एक बाइट मजकूर संपला हे सांगणाऱ्या शून्यासाठी जातो, उरले ६३. फोल्डरचा पत्ता, मूळ इंग्रजी अक्षरांत आणि रेघा धरून, १५ अक्षरांचा. राहिले ४८. आता भाषेचं नाव म्हणून बरोबर ४८ अक्षरांचा पत्ता पाठवला तर जेसनसाठी एकही चौकोन उरत नाही. हव्या असलेल्या फाईलचा पत्ता तेवढा लांब नसेल तर काय, तर लिनक्स लागोपाठ कितीही तिरक्या रेघा आल्या तरी त्या एकच धरतं, म्हणून मधे रेघाच रेघा भरून लांबी ओढायची. डेव्हकोरवाल्यांच्या पत्त्यात चार वेळा वर जायला १२ अक्षरं, मग भरतीच्या १० रेघा, मग फाईलच्या खऱ्या पत्त्याची २६. बेरीज ४८. मी हे स्वतः मोजून पाहिलं तेव्हा अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटली, इतकं नेमकं आहे ते.

आणि ती फाईल कुठली? व्हीपीएनच्या चालू सेशनची, सेशन म्हणजे एकदा लॉगिन केल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वापर. त्यात लॉगिन केलेल्या लोकांची युजरनेम आणि पासवर्ड उघड अक्षरांत, जसेच्या तसे. हॅश नाही, काही नाही. शाळेत नसेल शिकवलं तर एका ओळीत सांगतो, हॅश म्हणजे पासवर्डवरून काढलेला असा आकडा की ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढणं फार अवघड जातं. इथे तेवढाही त्रास नव्हता.

सुरक्षित म्हणून निवडलेल्या फंक्शननेच घात केला हे एकदाच झालं असं समजू नका. २०२३ मध्ये सिट्रिक्सच्या नेटस्केलर उपकरणात जे भोक निघालं, ज्याला सिट्रिक्सब्लीड म्हणतात, त्यातही हेच एसएनप्रिंटएफ होतं, फक्त दुसऱ्या अंगाने. हे फंक्शन काम झाल्यावर एक आकडा परत देतं. सगळ्यांना वाटतं की तो किती अक्षरं लिहिली याचा आकडा, पण सी भाषेच्या प्रमाणानुसार तो आकडा असतो "जागा पुरेशी असती तर किती लिहिली असती" याचा. नेटस्केलरमध्ये जागा होती १,३१,०७२ बाइटची, उत्तरात वेबसाइटचं नाव अनेक ठिकाणी घातलं जायचं, आणि ते नाव ब्राउझरकडूनच यायचं. हल्लेखोराने हजारो अक्षरांचं नाव पाठवलं की फंक्शन मुकाट्याने मर्यादेत थांबायचं पण परत द्यायचं मोठा आकडा, आणि पुढचा कोड तेवढे बाइट पाठवून द्यायचा, म्हणजे त्या ठरलेल्या जागेच्या पलीकडे मेमरीत जे काही पडलेलं असेल ते सगळं. त्यात चालू सेशनचे टोकन, म्हणजे "हा माणूस आधीच लॉगिन झालाय" हे सांगणाऱ्या खुणा, सापडायचे. टोकन मिळालं की पासवर्ड नको, मोबाइलवर येणारा ओटीपी नको, कारण त्या दोन्ही पायऱ्या खऱ्या माणसाने आधीच पार केलेल्या असतात. दुरुस्ती फार छोटी होती, परत आलेला आकडा जागेपेक्षा मोठा आहे का हे पाठवायच्या आधी तपासायचं.

सिट्रिक्सचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, १० ऑक्टोबर २०२३ ला आला. अमेरिकेतल्या कॉमकास्ट कंपनीच्या एक्सफिनिटी या इंटरनेट सेवेमध्ये १६ ते १९ ऑक्टोबरच्या दरम्यान चोर शिरले, सुमारे ३ कोटी ५८ लाख ग्राहकांची माहिती गेली. बोइंगच्या सुट्या भागांच्या व्यवसायावर लॉकबिट या खंडणीखोर हॅकर टोळीने याच भोकातून हल्ला केला.

जाहिरातींबद्दल मला इथे बोलायचंय. "मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन", "एआय पॉवर्ड सुरक्षा" असं खोक्यावर छापलेलं असतं, पण वरच्या दोन्ही गोष्टींत एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला लावलेलं गणिती कुलूप, कोणी तोडलंच नाही, ते शाबूत होतं आणि पासवर्ड आणि टोकन त्या एन्क्रिप्टेड कनेक्शनमधूनच चोराच्या घरी गेले. आणि दुसरी अंधश्रद्धा आपल्याकडची, "चालू आहे ना, मग हात लावू नका". खंडेनवमीला सर्व्हरच्या रॅकला हार घालतात, कुंकू लावतात, श्रद्धेने घालतात, त्याला माझी हरकत नाही, पण वर्षानुवर्षं फर्मवेअर, म्हणजे खोक्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट न करता त्या खोक्याकडून रक्षणाची अपेक्षा ठेवणं चुकीचं आहे आणि ते बोललंच पाहिजे.

पॅच टाकला की विषय संपला असंही नाही, आणि हे फार जणांना कळत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ८७,००० फोर्टिगेट उपकरणांचे लॉगिन इंटरनेटवर उघड टाकले गेले, पॅच येऊन दोन वर्षं होऊन गेल्यावर. पॅच टाकायच्या आधी कोणीतरी त्यांचं स्कॅन करून याच पहिल्या भोकातून पासवर्ड उचलून ठेवले होते, मग नंतर पॅच टाकलाही असेल पण पासवर्ड तेच राहिले असतील तर भोक बुजवून काय उपयोग, चावी तर बाहेरच. फोर्टिनेटने तेव्हा स्पष्ट सांगितलं की पासवर्ड बदलले नसतील तर धोका कायम आहे. सिट्रिक्सच्या बाबतीत पासवर्डच्या जागी सेशन, अपडेटनंतर चालू असलेली सगळी सेशन मुद्दाम मारावी लागत होती, नाहीतर चोरलेलं टोकन पॅचनंतरही चालायचं.

तुमच्या ऑफिसात हे खोकं असेल तर ज्याच्याकडे त्याचं लॉगिन आहे त्याला फर्मवेअरची आवृत्ती विचारा, आणि गेल्या मोठ्या अपडेटनंतर व्हीपीएनचे सगळे पासवर्ड बदलले होते का, जुनी सेशन मारली होती का, हेही विचारा. फोर्टिनेटने तर २०२५ मध्ये आलेल्या ७.६.३ आवृत्तीत एसएसएल व्हीपीएनचा टनेल मोडच, म्हणजे कर्मचाऱ्याचा पूर्ण कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवर्कला जोडायची सोयच, काढून टाकला आणि लोकांना आयपीसेक या दुसऱ्या प्रकारच्या व्हीपीएनकडे जायला सांगितलं. जुन्या आवृत्तीवर असाल आणि एसएसएल व्हीपीएन कोणी वापरतच नसेल, तर ती सोय बंद करायला सांगा, म्हणजे ते लॉगिनचं पान इंटरनेटवर दिसणारच नाही.