घरगुती लिथियम बॅटरी पॅक

ई-सायकलसाठी १८६५० मापाचे (व्यास १८ मिमी, लांबी ६५ मिमी) लिथियम-आयन सेल जोडून हाताने बांधलेला संच. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किमीच्या आतला वेग असलेल्या सायकलला नोंदणी लागत नाही. अशा सायकलीला ३६ व्होल्टची १०एस४पी रचना पुरते: चार-चार सेल पॅरलल, असे दहा गट सिरीजमध्ये, एकूण ४० सेल. २५०० मिलिअँपिअर-तासाचे सेल घेतले तर १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॅट-तास मिळतात. पेडल मारत राहिल्यास बेळगावहून खानापूर, सुमारे २५ किमी, एका चार्जवर होते. परतीसाठी मात्र चार्जर बरोबर हवा.

पॅक किती टिकेल हे सेल जुळवण्यावर ठरते. मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर १५ अँपिअर ओढतो तेव्हा प्रत्येक सेलवर पावणेचार अँपिअर येतात; जुन्या लॅपटॉपमधून काढलेले थकलेले सेल तेवढ्याने तापतात, म्हणून ते या कामाला घेऊच नयेत. नवे सेलही ४.२ व्होल्टपर्यंत भरून दोन आठवडे ठेवावेत आणि ४.१ च्या खाली घसरलेला बाद करावा. राहिलेल्यांची क्षमता मोजून गट असे पाडावेत की प्रत्येकाची बेरीज सारखी येईल. एका गटात दुबळा सेल राहिला, तर चढावर तोच गट आधी तळाला टेकतो, बीएमएस (प्रत्येक गटाच्या व्होल्टवर लक्ष ठेवणारा संरक्षक बोर्ड) वीज तोडते आणि बाकीच्या नऊ गटांत चार्ज शिल्लक असूनही सायकल थांबते.

सेल एकमेकांना जोडणारी पट्टी ०.१५ मिमी जाड, ८ मिमी रुंद, शुद्ध निकेलची हवी. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी दिसायला अगदी तशीच असते आणि चुंबक दोन्हींना चिकटतो. खरी परीक्षा ग्राइंडरवर: लोखंडाच्या लांब पिवळ्या ठिणग्या उडतात, निकेलच्या जवळजवळ नाहीत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये हे मिनिटभराचे काम. ग्राइंडर नसेल तर पट्टी घासून मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवावी. गंज चढला तर लोखंड. लोखंडी पट्टीचा रोध जास्त असल्याने ती तापते, आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाळी हवेत कापलेल्या कडेपासून गंजत जाते. दोन गटांना जोडताना एकाच पट्टीवर भार टाकू नये, चार सेलांसाठी चार पट्ट्या द्याव्यात.

सेलवर थेट सोल्डरिंग करू नये. उष्णता आतल्या सीलला मारते. पट्टी स्पॉट वेल्डने, म्हणजे क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडून ठिपक्यांनी, जोडावी. वेल्ड पक्का झाला की नाही हे फुकट गेलेल्या सेलवर पाहावे: पक्कडीने पट्टी ओढल्यावर ती फाटली पाहिजे, टाके सेलवरच राहिले पाहिजेत. सेलची धन टोपी आणि ऋण पत्र्याची कड यांत जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे अंतर असते. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पट्टी वरचे पातळ आवरण कापते आणि शॉर्ट होतो. वेल्डिंगआधी प्रत्येक धन टोकाला इन्सुलेशन कागदाची रिंग लावणे म्हणूनच टाळता येत नाही.

बीएमएस जोडताना आधी बी-वजा (पॅकच्या ऋण टोकाची वायर), मग सेन्स वायर (गटांचे व्होल्ट मोजणाऱ्या बारीक वायरी). प्लग बोर्डात खोचण्याआधी बी-वजापासून एकेक पिन मोजावी: ३.६, ७.२, १०.८ असे ३६ च्या आसपास चढत गेले पाहिजे. दोन वायर उलटसुलट असतील तर प्लग लावताच बोर्ड जळतो. मुख्य धन वायरवर डीसीसाठीचा २५ अँपिअरचा फ्यूज, आणि चार्जर ४२ व्होल्ट, २ अँपिअरचा. पूर्ण भरायला पाच-सहा तास.

पेटी बंद करायला व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. त्यातले ॲसिटिक ॲसिड तांब्याच्या वायरी आणि बोर्डाचे टाके खाते. न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारे, सिलिकॉन घ्यावे. वायर पेटीच्या खालच्या बाजूने काढावी, म्हणजे पाणी तिच्यावरून आत न जाता गळून पडते. भिजलेला पॅक चार्ज करू नये: उघडून, सुकवून, दहाही गटांचे व्होल्ट पाहावेत. फुगलेला, गळणारा किंवा आपोआप व्होल्ट सोडणारा सेल कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. पेटलाच तर वाळूने आतली आग विझत नाही. माणसे बाहेर काढून अग्निशमन दलाला बोलवावे, आणि शक्य असल्यास लांबूनच भरपूर पाणी मारत राहावे, कारण शेजारचे सेल थंड राहिले तरच आग पुढे सरकत नाही.