मनोविन्यास

मनोविन्यास म्हणजे एकदा उपयोगी पडलेली विचाराची रीत, तिच्याहून सोपी वाट समोर असतानाही, पुन्हा पुन्हा वापरण्याकडे असलेला मनाचा कल. मानसिक लवचीकता आणि सर्जनशील विचार यांवरील संशोधनात या संकल्पनेला मोठे महत्त्व आहे, कारण लवचीकता मोजणे अवघड असले, तरी ती कोठे अडते हे प्रयोगातून लख्ख दाखवता येते.

मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेला पाण्याच्या भांड्यांचा प्रयोग या दृष्टीने आजही अजोड आहे. २१, १२७ आणि ३ मापांची तीन भांडी वापरून १०० मापे पाणी मोजायचे असते. मोठ्या भांड्यातून पहिल्याइतके एकदा आणि तिसऱ्याइतके दोनदा पाणी काढले, की १०० मापे उरतात. याच रीतीने सुटणारी काही गणिते ओळीने सोडवून झाल्यावर २३, ४९ आणि ३ मापांच्या भांड्यांतून २० मापे काढण्यास सांगितले जाते. येथे २३ मधून ३ काढले की काम भागते. तरीही बहुतेक जण ४९ चे भांडे भरून जुनाच लांबचा हिशेब मांडतात. आधीची गणिते न सोडवलेल्यांना मात्र हीच वजाबाकी सहज सुचते. त्याहून बोलके गणित २८, ७६ आणि ३ यांतून २५ काढण्याचे आहे : जुन्या रीतीने ४२ येतात, उत्तर एका वजाबाकीवर असते आणि तरी सरावलेल्यांपैकी अनेक जण अडून बसतात.

वस्तूंच्या बाबतीत हाच अडथळा व्यूह मानसशास्त्राच्या (गेस्टाल्ट; अनुभवाकडे सुट्या तुकड्यांऐवजी समग्र आकृती म्हणून पाहणाऱ्या विचारधारेच्या) परंपरेतील जर्मन संशोधक कार्ल डुंकर यांनी १९३५ च्या ग्रंथात दाखवला. दारावर डोळ्यांच्या उंचीला मेणबत्त्या लावायच्या असतात. उत्तर असे, की छोटी पेटी टाचणीने दाराला ठोकायची आणि तिच्यावर मेणबत्ती उभी करायची. रिकाम्या पेट्या दिल्या तेव्हा सर्वांना हे सुचले. त्याच पेट्यांत टाचण्या, काड्या आणि मेणबत्त्या भरून दिल्या, तेव्हा निम्म्याहून कमी लोकांना सुचले. भरलेली पेटी ही ‘ठेवण्याची वस्तू’ म्हणूनच दिसते. मानसशास्त्रज्ञ सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये या कोड्याला पैशाचे बक्षीस लावले, तेव्हा भरलेल्या पेट्यांचे कोडे सोडवण्यास उलट अधिक वेळ लागला. पाच वर्षांची मुले या अडथळ्यात सापडत नाहीत, सहा-सात वर्षांची सापडतात, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

सर्जनशीलतेच्या मोजमापाला मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेपुढे १९५० मध्ये केलेल्या अध्यक्षीय भाषणाने चालना दिली. विटेचे जास्तीत जास्त उपयोग सांगा, यासारख्या अपसारी विचाराच्या, म्हणजे एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे शोधण्याच्या, चाचण्या त्यानंतर रुळल्या. पण सुचलेल्या उपयोगांची संख्या म्हणजे सर्जनशीलता नव्हे, हे भान वापरणाऱ्याने ठेवलेच पाहिजे.

बिलालिच, मॅकलिऑड आणि गोबे यांनी २००८ मध्ये बुद्धिबळपटूंच्या नजरेचा मागोवा घेतला. पटावर पाच चालींची ओळखीची मात होती आणि तीन चालींची अनोळखी मातही होती. ओळखीची मात सापडलेले खेळाडू ‘आम्ही आणखी चांगली चाल शोधत आहोत’ असे मनापासून सांगत होते, पण त्यांचे डोळे त्या ओळखीच्या चालींशी निगडित घरांवरच खिळून राहिले होते. अनुभवाने मन ताठर होते असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. याच संशोधकांना असेही आढळले, की खेळाडू जितका वरच्या दर्जाचा, तितका हा परिणाम कमी होत जातो.