वारा दुप्पट, वीज आठपट

साताऱ्याहून सज्जनगडाचा फाटा आणि ठोसेघर मागे टाकून वर गेलं, की चाळकेवाडीचं पठार लागतं. पावसाळ्यात इथे छत्री उघडायची नाही. पहिल्याच झोतात ती उलटी होते. दाट धुक्यात पवनचक्की दिसत नाही, नुसता पात्यांचा घूं… घूं आवाज येत राहतो. धुकं जरा विरळ झालं की पातं दिसतं आणि वाटतं, किती सावकाश फिरतंय! ती डोळ्यांची फसगत असते. ५० मीटर व्यासाचं चाक मिनिटाला २५ फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी सुमारे २३५ किलोमीटर वेगाने धावत असतं.

हवेला वजन असतं, हे आपण विसरतो. वारा सेकंदाला ८ मीटर वेगाने वाहत असेल, तर एवढ्या चाकातून दर सेकंदाला सुमारे १७ टन हवा पार होते. तिच्यातली शक्ती भरते साधारण ५५० किलोवॅट. आता वारा निम्म्यावर, म्हणजे ४ मीटरवर आला तर? शक्ती निम्मी होत नाही, ७० किलोवॅटच्या आत येते. कारण हवाही निम्मीच येते आणि आलेल्या प्रत्येक किलोतली ऊर्जाही चौथाईच उरते. निम्म्याची चौथाई म्हणजे आठवा हिस्सा. पवनऊर्जेतलं सगळं या हिशोबाभोवती फिरतं. माझ्या मते यंत्र कुठलं यापेक्षा ते कुठे उभं आहे, याला जास्त मोल आहे.

ही सगळी शक्ती मात्र हाती लागत नाही. वाऱ्यातून सगळीच ऊर्जा काढून घेतली, तर पात्यांमागे हवा जागच्या जागी थांबेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्याची वाट अडवेल. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ साली ही मर्यादा गणिताने काढली: जास्तीत जास्त ५९.३ टक्के. चांगली यंत्रं ४० ते ४५ टक्क्यांपर्यंत पोचतात.

घाटाखाली ट्रेलरवर आडवं ठेवलेलं पातं मी एकदा हात लावून पाहिलं. बुडाशी पाइपासारखं गोल, पुढे रुंद, मग टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. आडवा छेद माशासारखा, एक बाजू फुगीर. आणि सबंध लांबीभर त्याला पीळ दिलेला. भिरभिरं वाऱ्याच्या धक्क्याने फिरतं तसं हे फिरत नाही. विमानाच्या पंखाला हवा उचलते, तशी पात्याला ती एका अंगाला ओढते. टोक वेगाने धावतं, बूड सावकाश. त्यामुळे दोन्हीकडे वारा वेगवेगळ्या कोनातून येतो. पीळ त्यासाठीच.

वर डोक्यावरच्या पेटीत गिअरबॉक्स असतो. तो २५ फेऱ्यांचे सुमारे १५०० करून जनित्राला देतो. वारा सेकंदाला २५ मीटरच्या पुढे गेला, की बहुतेक यंत्रं पाती वाऱ्याला धारेवर वळवून थांबतात.

मनोरा उंच का, हे खळ्यावर उफणणी केलेल्याला सांगावं लागत नाही. तिवईवर चढून सूप डोक्याच्या वर धरलं की वारा सापडतो. जमिनीलगत झाडं, बांध, घरं त्याला अडवत असतात. सह्याद्रीचं पठार ही निसर्गाने दिलेली तिवईच आहे. समुद्रावरून आलेला नैर्ऋत्य मोसमी वारा या भिंतीवर आदळतो, वर चढतो आणि माथ्यावर दाटीने वाहताना वेग घेतो, नदी अरुंद जागी घेते तसा. म्हणून चाळकेवाडी, म्हणून पाटण तालुक्यातलं वनकुसवडे. म्हणूनच इथली बरीचशी वीज पावसाळ्याच्या चार महिन्यांत तयार होते. एप्रिलच्या उन्हाळ्यात पंप चालवायला वीज हवी असते, तेव्हा वारा मंद असतो. वीज साठवण्याची सोय वाऱ्याकडे नाही. पठाराच्या पायथ्याशी असलेल्या कोयनेकडे ती आहे: पाणी धरून ठेवता येतं आणि जनित्रं काही मिनिटांत सुरू करता येतात.

मला खटकतं ते एकच. आपल्याकडच्या उत्तम वाऱ्याच्या जागा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या लहान यंत्रांनी अडवल्या आहेत. व्यास दुप्पट केला की चाकाचं क्षेत्रफळ चौपट होतं, आणि मनोरा उंच झाल्याने वाराही वाढतो. १ मेगावॉट किंवा त्याहून लहान यंत्रं बदलण्याचं धोरण केंद्राने २०१६ साली आणलं. पण आजची पाती ६०-७० मीटर लांब असतात. पठारावर यायची तर ती याच घाटातून, याच वळणांवरून वर चढवावी लागणार.