मिडी मॅपिंग

मिडी मॅपिंग : मिडी म्हणजे वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना सूचना कळवण्याची ठरलेली भाषा. मिडी कंट्रोलरवरची कळ, नॉब, फेडर (सरकवायची दांडी) किंवा पॅड संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमके कोणते काम करील, हे वापरणाऱ्याने ठरवून देण्याची क्रिया. निव्वळ कंट्रोलरच्या पोटात आवाज नसतो. नॉब फिरवला की तो संगणकाला एवढेच कळवतो, की अमुक चॅनेलवर अमुक क्रमांकाची किंमत आता इतकी झाली. त्या आकड्याने ढोलकीचा आवाज चढवायचा की गायकाच्या गळ्यावर एको टाकायचा, हे मॅपिंग ठरवते. कारखान्यातून येणारी मांडणी बहुधा मिक्सर आणि सिंथेसायझर डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. संबळ, हलगी आणि टाळ घेऊन बसलेल्या माणसाला ती बदलावीच लागते.

मराठवाड्यात ‘मिडी’ हा शब्द फारसा कानावर नव्हता तेव्हाही मिडीचे एक यंत्र ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्यांमधून फिरत होते : काड्यांनी वाजवायच्या पॅडांचा ऑक्टोपॅड. रोलँड कंपनीने 1985 मध्ये आणलेल्या मूळ ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो निव्वळ कंट्रोलर होता. आवाज आत असलेली मॉडेल नंतर आली, तीच आपल्याकडे रुळली आणि ऑक्टोपॅड हे वाद्यच आहे अशी समजूत झाली. त्याच्या मागच्या अंगाला असलेल्या पाच पिनांच्या ‘मिडी आउट’मध्ये कित्येक वादकांनी कधी वायर खुपसलेली नसते. घरात चालू ऑक्टोपॅड असेल तर मिडी-यूएसबी केबल आणून आधी तोच संगणकाला जोडून पाहावा; नवा पॅड-कंट्रोलर घेण्याची घाई नको.

मिडीचे प्रमाण 1983 मध्ये ठरले. त्यामागे सिक्वेन्शियल सर्किट्स या सिंथेसायझर कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांचा पुढाकार होता. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतील नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-600 आणि ज्युपिटर-6 हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले गेले. एका केबलमधून 16 चॅनेल जातात आणि बहुतेक किमती 0 ते 127 मध्ये बसतात. कंट्रोल चेंज या संदेशांत क्रमांक 7 आवाजाच्या पातळीचा, 10 डाव्या-उजव्या बाजूचा, 64 सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलचा. सूर वरखाली ओढणाऱ्या पिच बेंडला मात्र 16,384 पायऱ्या मिळतात. सनईचा सूर मींडेशिवाय सनईचा वाटत नाही. ती मींड साध्या नॉबऐवजी पिच बेंडच्या चाकावर ठेवावी ती याचसाठी.

सोपे मॅपिंग ‘लर्न’ पद्धतीने होते. सॉफ्टवेअरमधले बटण निवडायचे, कंट्रोलरवरचा नॉब हलवायचा, जोडी जमते. संगीताच्या सॉफ्टवेअरांपैकी एबलटन लाइव्हमध्ये त्यासाठी मिडी मॅप मोड आहे, एफएल स्टुडिओत उजव्या क्लिकवर ‘लिंक टू कंट्रोलर’ मिळते, तर क्युबेसमध्ये 12व्या आवृत्तीपासून मिडी रिमोट आले. पॅड जोडताना सुरांच्या नावांवर मात्र विसंबू नये. 60 क्रमांकाच्या सुराला, म्हणजे पेटीवरच्या मधल्या ‘सी’ला, एबलटन सी-3 म्हणते, एफएल स्टुडिओ सी-5, आणि इतर काही ठिकाणी तोच सी-4 असतो. क्रमांकानेच बोलावे.

खरी कसोटी संबळाला लागते. तुळजापूरच्या भवानीच्या गोंधळात संबळाशिवाय पान हलत नाही. एक खर्जातले आणि एक चढ्या आवाजाचे अशी चर्मवाद्यांची ही जोडी काड्यांनी वाजते. त्यांतल्या एकीचे टोक वळलेले असते. दोन्हींचे नमुने रेकॉर्ड करून सॅम्पलरमध्ये, म्हणजे असे नमुने वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, भरणे ही अर्ध्या दिवसाची गोष्ट. पॅड वाजवायला संबळकरी बसला की दोन अडचणी येतात. पहिली जोराची. त्याच्या हलक्या हाताचे आघात समजा 30 ते 50 मध्येच रेंगाळले, तर जोरकस नमुने वाजतच नाहीत. तेव्हा व्हेलॉसिटी कर्व्ह (कोणत्या जोराला कोणती किंमत, हे ठरवणारी रेषा) वाकवून कमी जोरालाही मोठी किंमत मिळेल असे करावे लागते. दुसरी अडचण वेळेची. काठीचा एक फटका दोनदा मोजला जाऊ नये म्हणून पॅड पहिल्या आघातानंतर थोडा वेळ बहिरा राहतो. मिनिटाला 150 मात्रांच्या लयीत मात्रेला चार आघात धरले तर दोहोंत 100 मिलिसेकंदांचे अंतर पडते; पण लगटून येणारे जोडआघात याहून कितीतरी जवळ असतात. बहिरेपणा 60 मिलिसेकंद ठेवला तर यांतला दुसरा आघात गिळला जातो आणि वाजवणारा म्हणतो, ‘मशीन मागं पडायलंय.’ मशीन मागे पडलेले नसते, त्याने ऐकलेलेच नसते. ही किंमत आकड्यांवरून ठरवू नये; संबळकऱ्याला समोर बसवून, तो मान डोलवेपर्यंत कमी करत जावी.

फेडरचा दोष वेगळा. सॉफ्टवेअरमध्ये कोरसची पातळी 90 वर आहे, हातातला फेडर 20 वर. त्याला बोट लागताच कोरस धाडकन खाली येतो. ‘पिकअप’ पद्धत निवडली की फेडर 90 ला पोचेपर्यंत सॉफ्टवेअर त्याच्याकडे लक्षच देत नाही. चालू कार्यक्रमात हे निवडलेले नसेल तर श्रोत्यांना लगेच कळते.

हाताने बनवलेला कंट्रोलर फार अवघड नाही. आर्डुइनो या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डांपैकी लिओनार्डो किंवा मायक्रो थेट यूएसबी-मिडी उपकरण म्हणून ओळखले जातात, जुना उनो तसा जात नाही. बोर्ड घेताना ही चूक फार होते. 10 किलोओमचे पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलणारा नॉब) जोडले की 0 ते 1023 अशी किंमत मिळते, तिला 8 ने भागले की मिडीची किंमत तयार. न हलवताही ती 63-64 अशी थरथरते. ती सस्टेनला जोडलेली असेल तर पेडल आपोआप लागते-सुटते, कारण 64 पासून पुढे ‘चालू’ धरतात. म्हणून किंमत पुरेशी बदलल्याशिवाय संदेश पाठवू नये.

मॅपिंग दोन ठिकाणी जतन करावे लागते : कंट्रोलरच्या स्मृतीत आणि सॉफ्टवेअरच्या टेम्प्लेटमध्ये. लाइट गेली की जतन न केलेले तासाभराचे काम जाते, आणि एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या गाण्यांची घाई असते तेव्हा ते परवडत नाही. नॉबखाली कागदी चिकटपट्टी लावून ‘हलगी’, ‘टाळ’, ‘कोरस’ असे मार्करने लिहिण्याची पद्धत सोयीची. पुढच्या गाण्याला टेम्प्लेट बदलते, पट्टी मात्र तशीच राहते, आणि मग ‘टाळ’ लिहिलेल्या नॉबने गायकाचा एको वाढतो.