लेबल बदललं, मंग दिसलं काहून नाही?

परवा पुतण्या लॅपटॉप घेऊन आला. "काका, लेबल बदलूनच नाही राह्यलं." पोट्ट्यानं कापसाच्या काट्यासाठी पायथनमधी टीकिंटरचं (विंडो, बटनं बनवायचं साधन) छोटं ॲप बनवलंय, बटन दाबलं की लेबलवर, म्हणजे विंडोतल्या अक्षरांच्या पट्टीवर, "वजन सुरू" यावं अन् पाच सेकंदांनी "झालं". पण पाच सेकंद विंडो अडकलेली, मग एकदम "झालं". मित्र म्हणे रॅम कमी हाय, आजी लॅपटॉपवरून मिरच्या ओवाळायला निघाली. दोन्ही सल्ले एकाच लायकीचे.

लेबल बदलायला एक ओळ पुरते, लेबल डॉट कॉन्फिग अन् कंसात नवा टेक्स्ट. बटनाचा रंग, ते चालू का बंद, सगळं कॉन्फिगनंच होते. पण ती ओळ चालली म्हणजे स्क्रीनवर अक्षरं उमटली असं नाही! टीके, म्हणजे टीकिंटरच्या मागचं इंजिन, फक्त नोंद करते, की हे स्क्रीनवर परत रंगवायचं आहे, फुरसत मिळाली की.

फुरसत कोणाला, तर मेनलूपला, म्हणजे ॲप चालू असेपर्यंत फिरत राहणाऱ्या मुख्य चक्राला. मेनलूप म्हणजे गावचा कोतवाल समजा, एकटा माणूस. कोणी क्लिक केलं, कीबोर्डचं बटन दाबलं, विंडो सरकवली, सगळे निरोप रांगेत, तो एकेक उचलून त्या त्या फंक्शनला (त्या कामाच्या कोडला) देतो अन् ते संपेपर्यंत तिथंच उभा राहतो, हातचे निरोप संपले की मग नोंदवहीतलं रंगकाम. आमच्या पोट्ट्यानं फंक्शनमधी टाइम डॉट स्लीप 5 टाकलं होतं, म्हणजे कोतवालालाच बाजेवर झोपवलं, दवंडी कोण देईल? तो उठेपर्यंत "वजन सुरू" खोडून "झालं" लिहिलेलं, मग तेच दिसणार ना.

स्लीप काढून आफ्टर वापरायचं, आफ्टर कंसात 5000 अन् फंक्शनचं नाव. 5000 म्हणजे मिलिसेकंद. इथं कोतवाल थांबत नाही, वेळ झाली की फंक्शन बोलावतो. स्लीप ठेवून त्याआधी अपडेट आयडलटास्क्स (राहिलेलं रंगकाम आत्ताच कर, असा हुकूम) दिला तर अक्षरं लगेच दिसतात, पण क्लिक तरी अडकूनच राहतात. काम खरंच जड असंल तर वेगळा थ्रेड (सोबत चालणारा दुसरा कामगार) करा, पण थ्रेडनं लेबलला हात लावू नये, उत्तर क्यूमधी (रांगेत) टाकावं अन् मेन थ्रेडनं दर 100 मिलिसेकंदांनी आफ्टरनं क्यू पाहावी.

पोट्ट्यानं आफ्टर लावलं तर बटन दाबताक्षणीच "झालं" आलं, कारण फंक्शनच्या नावापुढं कंस टाकलेला, त्यामुळं ते तिथंच चाललं. कंस काढला अन् जमलं. आता त्याला काट्याचं वजन सिरियल पोर्टवरून (काटा लॅपटॉपला जोडायच्या वायरीवरून) थेट घ्यायचं आहे. टाइमआउट (किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा) दिला नाही तर तिथलं रीडही, म्हणजे डेटा वाचायची ओळही, डेटा येईपर्यंत कोतवालाला उभंच ठेवणार, हे अजून सांगितलं नाही त्याला.