घरगुती फ्रिजची ऊष्मागतिकी

फ्रिज, म्हणजेच शीतकपाट, हे आतल्या पदार्थांतील उष्णता विजेच्या बळावर बाहेरच्या हवेत नेऊन टाकणारे यंत्र आहे. ‘फ्रिज थंडी तयार करतो’ असे आपण सहज म्हणतो. पण थंडी ही तयार करून आत भरता येण्याजोगी गोष्टच नव्हे. काढून घेता येते ती उष्णता. एवढे पक्के ध्यानात ठेवले, की या यंत्राचे बाकीचे वागणे समजायला सोपे जाते.

उष्णता आपणहून गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, उलट दिशेने कधीच जात नाही. रुडॉल्फ क्लाउसियस यांनी १८५० मध्ये मांडलेला हा विचार ऊष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि काम यांच्या शास्त्राचा, दुसरा नियम म्हणून ओळखला जातो. पाणी चढावर न्यायला पंप लागतो, तसे थंड कप्प्यातली उष्णता गरम खोलीत न्यायला बाहेरून काम पुरवावे लागते. फ्रिजमध्ये ते कॉम्प्रेसर पुरवतो.

साऱ्या युक्तीचे मूळ एका साध्या गुणधर्मात आहे : द्रवाचा उत्कलनबिंदू दाबाप्रमाणे बदलतो. आज अनेक फ्रिजमध्ये वापरला जाणारा आयसोब्युटेन वातावरणाच्या दाबाला उणे १२° से.च्या आसपास उकळतो. दाब त्याच्या साधारण निम्म्यावर आणला, तर तो उणे २५° से.च्या सुमारास उकळतो. दाब वातावरणाच्या सहापट केला, तर त्याची वाफ ४५° से.लाही द्रवरूप होते. म्हणून आतल्या नळ्यांत कमी दाबाखाली तो उकळतो आणि त्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा कप्प्यातून शोषून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो. मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांत ती खोलीला उष्णता देऊन द्रव बनते, मग बारीक केशनलिकेतून जाताना दाब कोसळतो, द्रव गार होतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. अशा बंद चक्राचे पेटंट जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये घेतले होते. पुढे या चक्रात फिरवण्यासाठी आलेली क्लोरोफ्लुओरोकार्बन द्रव्ये ओझोनच्या थराला घातक ठरली आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ती हटवली गेली. चक्र मात्र तेच राहिले.

विजेच्या एका एककामागे किती उष्णता बाहेर नेता येईल, याला निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. फ्रीझर उणे १८° से.ला (२५५ केल्विन) आणि खोली ३०° से.ला (३०३ केल्विन) असेल, तर ती मर्यादा २५५ भागिले दोन्हींतला फरक ४८, म्हणजे विजेच्या एका एककामागे उष्णतेची सुमारे ५.३ एकके येते. प्रत्यक्षात उष्णता वाहायची तर आतल्या नळ्या फ्रीझरहून थंड आणि बाहेरच्या नळ्या खोलीहून गरम असाव्याच लागतात. उणे २५° आणि ४५° धरले, की मर्यादाच ३.५ वर येते. कॉम्प्रेसरमधील घर्षण वगैरे नुकसान आणखी वेगळे. फ्रिज भिंतीला चिकटवला, की बाहेरच्या नळ्यांची हवा अडते, त्या अधिक तापतात आणि हा आकडा आणखी घसरतो. आतून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज दोन्ही शेवटी खोलीतच येतात. त्यामुळे बंद खोलीत फ्रिजचे दार उघडे टाकल्यास खोली तापते.

दार बंद असतानाही भिंतींतून आणि दाराच्या रबरी पट्टीजवळून उष्णता सतत आत झिरपत असते, आणि कॉम्प्रेसरचे बरेचसे काम हीच गळती उपसण्यात जाते. म्हणूनच भिंतींतल्या पॉलियुरेथेन फोमची जाडी फार मोलाची. दार उघडल्यावर आत येणाऱ्या हवेचा बाऊ मात्र थोडा जास्तच केला जातो. २०० लिटर हवा ३०° वरून ५° से.ला आणायला जेमतेम ६ किलोज्यूल काढावे लागतात. तेवढ्याच फरकाने एक लिटर पाणी गार करायला सुमारे १०५ किलोज्यूल. त्या हवेतील बाष्पाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. दमट हवामानात ते थिजताना हवेइतकी किंवा त्याहून जास्त उष्णता सोडते, आणि थंड नळ्यांवर हिमाचा थर धरते. हिमाच्या थरात हवा अडकलेली असल्याने तो उष्णतेचा मंद वाहक ठरतो. आपोआप हिम वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये त्यासाठी आतच छोटा हीटर असतो. त्याने आत सोडलेल्या उष्णतेतली हिम वितळवून उरलेली उष्णता कॉम्प्रेसरला नंतर पुन्हा बाहेर काढावी लागते.